पाड्यावरची सायकल : कशी असावी आणि कोणाची असावी

(३ जून, जागतिक सायकल दिन. त्या निमित्ताने विक्रमगड तालुक्यात पालक, आशाताई आणि कार्यकर्ते यांचा मेळावा झाला. त्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. भातलावणी उरकल्यावर सायकलींचे वाटप व्हायचे आहे, त्याआधी सर्वांच्या वाचनात यावा म्हणून तो येथे देत आहोत.)



आज मला दोनच गोष्टी बोलायच्या आहेत. लावणी उरकली की या भागातल्या काही मुलींना आणि आशाताईंना आपण सायकली देणार आहोत. पैसे जमत आले आहेत. दोन प्रश्न मात्र अजून सुटलेले नाहीत. पहिला, सायकल कोणती घ्यायची? दुसरा, ती कोणाच्या नावावर द्यायची? पहिल्या प्रश्नावर आपल्या कार्यकर्त्यांत दोन मतं आहेत आणि त्यावर मोकळेपणाने बोलणं होतं. दुसऱ्या प्रश्नावर सभेत कोणी बोलत नाही, घरी गेल्यावर बोलतात. म्हणून आज दोन्ही सर्वांसमोर मांडते.

मुंबई-वसईकडच्या आपल्या काही हितचिंतकांनी विचारलं होतं की सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गिअरच्या सायकली धूळ खात उभ्या आहेत, त्या गोळा करून पाठवू का? हेतू चांगला आहे, त्यांचे आभारच मानले पाहिजेत. मी त्यांना एवढंच कळवलं की, ज्यांच्याकडे आज सायकल आहे आणि जे तिच्यावर पोट भरतात, त्यांना आधी विचारते. गेले काही आठवडे मी पाड्यापाड्यांवर तेच केलं. सायकलवाल्यांशी बोलले, दुरुस्ती करणाऱ्यांशी बोलले, सायकल असून न वापरणाऱ्यांशीही बोलले. त्यांनी जे सांगितलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते ती साधी काळी सायकल. लोखंडी सांगाडा, २८ इंची चाकं, ब्रेकला वायर नाही तर सळ्या, पुढे दांडी, मागे कॅरियर, दोन पायांचं स्टँड, चेनवर पत्र्याचं कव्हर. आपण लोखंडी म्हणतो, पण ते पोलाद असतं. हिचा घाट मूळचा इंग्लंडचा. स्वातंत्र्याच्या सुमाराला ती आपल्या देशात बनू लागली. मुंबईत हिंद सायकल, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियानाला हीरो. हीरोचं नाव तर १९८६ साली जगात सर्वांत जास्त सायकली बनवणारा कारखाना म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेलं. इतक्या वर्षांत या सायकलीच्या बांध्यात फारसा फरक पडलेला नाही. शहरातल्या माणसाला हा तिचा दोष वाटतो. पाड्यावरच्या माणसाच्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. तो कसा, ते सांगते.

आपल्या तालुक्यात मोगरा होतो हे तुम्हांला सांगायला नको. मोगरा लावणाऱ्या एका दादाची सायकल मी पाहिली. ती त्याच्या वडिलांची. पहाटे कळ्या खुडायच्या, कापडात बांधायच्या, कॅरियरवर ठेवायच्या आणि दादरच्या बाजारात माल नेणारी गाडी निघायच्या आत डांबरी रस्त्यावर पोहोचायचं. गाडी चुकली तर त्या दिवसाची फुलं फुकट, कारण कळी थांबत नाही. मी त्याला विचारलं, या सायकलीत वडिलांच्या वेळचं काय काय राहिलं आहे? तो मोजायला लागला. टायर-ट्यूब किती वेळा बदलल्या त्याची गणती नाही. रिमा बदलल्या, चेन बदलली, फ्रीव्हील बदललं, सीट बदलली. एकदा बैलगाडीला धडकून पुढचा चिमटा वाकला, तो लोहाराकडे सरळ करून घेतला. राहिला तो फक्त सांगाडा आणि हँडल. तो म्हणाला, "ताई, ही सायकल जुनी होत नाही, हिचे तुकडे जुने होतात." मला वाटतं, पोलादी सायकलीबद्दल यापेक्षा नेमकं कोणी सांगणार नाही.

पोलादाचा स्वभाव असा आहे की ते आधी वाकतं आणि मग तुटतं. वाकलेलं दिसतं, त्यामुळे सावध होता येतं. वाकलेलं सरळ करता येतं. तडा गेला तर तालुक्याच्या गावी शेतीची अवजारं जोडणारा जो वेल्डिंगवाला असतो, तो त्याच मशीनवर ते जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा वजनाला हलका असतो हे खरं, पण त्याला तडा गेला की या वेल्डिंगवाल्याचं मशीन त्याला चालत नाही. मग ती सायकल भंगारातच जाते.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. काळ्या सायकलीचा कॉटर, छर्रे, तारा, ब्रेकचे रबर, हवेच्या नळीवरची वॉलट्यूब हे सगळं आठवडी बाजारात मिळतं. कारखाना कोणता होता हे विचारावं लागत नाही, एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली नेमका आजच्या तारखेला, ३ जूनला बंद पडला. पण आपल्या पाड्यांवरच्या अ‍ॅटलस सायकली त्या दिवशी थांबल्या नाहीत आणि आजही चालू आहेत. कंपनी बंद पडली तरी वस्तू चालू राहते, ही गरीब माणसासाठी केवढी मोठी सोय आहे!

आता आपल्या एका आशाताईंचं सांगते. त्यांच्याकडे विखुरलेले पाडे आहेत. पिशवीत औषधं, वजनकाटा, रजिस्टर. गरोदर बाई, ओली बाळंतीण, तापाचं मूल, असं घर घर करायचं. त्यांना मी विचारलं, हा सगळा चढउताराचा रस्ता, सायकलीचा उपयोग तरी किती होतो? त्या हसल्या. म्हणाल्या, "चढाला मी उतरते आणि सायकल ढकलते. पण पिशवी तिच्या पाठीवर असते, माझ्या नाही. सपाटीला बसते. उताराला पण उतरते, कारण ब्रेकचा भरवसा नाही." म्हणजे अर्धा रस्ता पायीच. तरीही त्या सायकल सोडायला तयार नाहीत. सकाळी तीन घरं व्हायची तिथे आता पाच होतात आणि संध्याकाळी खांदा दुखत नाही, एवढा हिशेब त्यांना पुरेसा आहे.

रेशनचा हिशेब पाहा. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. दुकान तीन-चार किलोमीटरवर असेल तर डोक्यावरून त्याच्या दोन खेपा होतात, आणि त्या बहुतेक घरात बाईच करते. एक मजुरी बुडते. कॅरियरला नीट बांधलं तर ३५ किलो एका खेपेत येतं, सायकलीवर बसता आलं नाही तरी ढकलत आणता येतं. पाण्याचंही तसंच. एक लिटर म्हणजे एक किलो. दहा लिटरचे चार कॅन दोन्ही बाजूंना टांगले की चाळीस किलो झाले. उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा हे चाळीस किलो कोणाच्या डोक्यावर असतात ते या मांडवातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

आता शाळेचा हिशेब. चार किलोमीटर चालत जायला मुलीला जवळजवळ एक तास लागतो. सायकलीवर पंचवीस मिनिटं. येण्याजाण्याचा मिळून रोज तासाहून अधिक वेळ वाचतो. तो तास अभ्यासाचा असू शकतो, झोपेचा असू शकतो. आणि हिवाळ्यात शाळा सुटल्यावर अंधार पडायच्या आत मुलगी घरी पोहोचते. आठवी-नववीत मुलींची शाळा का सुटते असं मी आयांना विचारते, तेव्हा फी किंवा पुस्तकं हे कारण क्वचित येतं. "रस्त्याची भीती वाटते" हेच कारण पुन्हा पुन्हा येतं.

हे सगळं ऐकून साध्या सायकलीत काही खोट नाही असं कोणी समजू नये. ती आहे, आणि मालकांनीच ती सांगितली आहे. ही सायकल जड असते, वीस किलोच्या आसपास. गिअर नसल्याने चढ चढत नाही. पावसात पोलादी रीम ओली झाली की ब्रेकचं रबर घसरतं, दाबलं तरी चाक लवकर थांबत नाही. जव्हार-मोखाड्याकडच्या घाटरस्त्यावर भरल्या ओझ्याने उताराला बसून येणं म्हणजे जिवाशी खेळ. आशाताई उताराला उतरतात ते योग्यच करतात. मुलींनो, तुम्हीही तसंच करायचं. पावसात ब्रेक नेहमीपेक्षा खूप आधी, हलके हलके दाबायला लागायचं, म्हणजे रिमेवरचं पाणी पुसलं जातं आणि मग रबर धरतं.

मग गिअरची सायकल का नको? आपल्या एका शाळेत अशा काही सायकली पूर्वी आल्या होत्या. त्यांचं काय झालं ते मी पाहिलं. पहिल्या पावसात गिअरच्या वायरी गंजल्या. एक सायकल उजव्या अंगावर पडली आणि मागची गिअर बदलणारी पट्टी वाकली, ती तारांमध्ये अडकून चाकच गेलं. तो भाग तालुक्याला मिळाला नाही. काहींच्या ट्यूबची हवेची नळी वेगळ्या जातीची निघाली, दुकानातल्या पंपाने हवाच जाईना. कॅरियर नाही, त्यामुळे दप्तर पाठीवर. मडगार्ड नाही, त्यामुळे चिखल गणवेशावर. त्या सायकली वाईट नव्हत्या. चांगला रस्ता आणि जवळ दुकान असेल तिथे त्या उत्तम चालतात, आणि चढाला तर आपल्या काळ्या सायकलीपेक्षा किती तरी सोप्या. पण दुकान जवळ नसेल तर सायकल अशी हवी, जी पाड्यावरचा माणूस स्वतः उघडून पुन्हा जोडू शकेल.

दहावीतल्या एका मुलीने मात्र मला गप्प केलं. ती म्हणाली, "ताई, काळी सायकल आजोबांची असते. मी ती शाळेत नेली तर सगळे हसतील." मंडळी, या म्हणण्याकडे दुर्लक्ष करू नका. गरिबाला काम भागलं की पुरे, रंग कशाला, असं म्हणणं सोपं आहे. आपल्या मुलांना आपण असं म्हणत नाही. मी चौकशी केली. पुढची दांडी खाली वळवलेली, मुलींना चालवायला सोपी अशी पोलादी सायकल रंगीत मिळते, पुढे टोपली असते, तिलाही कॅरियर, मडगार्ड आणि चेनकव्हर असतं, आणि तिचेही बहुतेक भाग बाजारात मिळतात. तेव्हा माझी सूचना अशी : सायकल साधी, पोलादी, बिनगिअरची, कॅरियर आणि मडगार्डसह. रंग आणि दांडी सरळ की वळवलेली, हे जिला सायकल मिळणार तिने निवडावं.

आणि सगळ्या मुली, सगळ्या बायका वळवलेली दांडीच मागतील असंही समजू नका. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोठी मोहीम झाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा त्या मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर बायका, खाणीवर दगड फोडणाऱ्या बायका, परिचारिका, अंगणवाडीच्या बायका अशा लाखभर स्त्रिया सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलं आहे. बायकांच्या सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या. कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! वस्तू कशी हवी हे वापरणाऱ्यालाच ठाऊक असतं, आपण विचारलं पाहिजे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. सायकल कोणाची?

एका पाड्यावर मला एका मुलीची सायकल पाहायची होती. ती घरी नव्हती. सायकल नव्हती आणि मुलगीही शाळेत नव्हती. दिवाळीनंतर घरातली माणसं वीटभट्टीवर गेली, तेव्हा ट्रकमध्ये सायकलही टाकून नेली. भट्टीवर बापाला दुकानात जायला ती लागते. मुलगी इथे आजीकडे राहिली, शाळा चार-पाच किलोमीटरवर, काही दिवस चालत गेली, मग बंद. दुसऱ्या एका घरात सायकल पाचशे रुपयांना गहाण पडली होती. तिसऱ्या घरात मोठा भाऊ कामावर नेतो. आई म्हणाली, "पोरगा कमावतो, पोरगी काय, चालत जाईल."

या घरांना मी दोष देत नाही. भट्टीवर जाणारं कुटुंब हौसेने जात नाही. पाचशे रुपयांना गहाण टाकणाऱ्या घरात त्या दिवशी कोणी तरी आजारी होतं. गरीब घरात सायकल ही एकच वस्तू अशी असते, जी चालते, विकता येते आणि गहाणही पडते. म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा डोळा असतो आणि सर्वांत दुबळ्या माणसाच्या हातून ती सर्वांत आधी सुटते. आपण सायकल चांगली निवडली, मजबूत निवडली, तर हा धोका वाढतो, कमी होत नाही. शंभर किलो वाहणारी सायकल बापाला, भावाला, दुकानदाराला, सगळ्यांनाच हवी असते. आपण फक्त चांगली सायकल देऊन थांबलो, तर आपण घराला सायकल दिली, मुलीला नाही.

हे काम आपण एकटेच करत नाही. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून ठरावीक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगे व मुली यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. सर्वांत जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. आपले बहुतेक पाडे याच वर्गात मोडतात.

दुसरं उदाहरण आफ्रिकेतलं. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, त्यानंतर २००५ मध्ये वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था सुरू झाली. श्रीलंकेत सायकली देऊन त्यांनी कामाला सुरुवात केली आणि पुढे झांबियात गेले. त्यांनी 'बफेलो' नावाची सायकल तयार केली. पोलादी सांगाडा, एकच गिअर, मागे १०० किलो पेलणारं कॅरियर, ब्रेकला वायरही नाही आणि सळीही नाही. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. म्हणजे आपल्या काळ्या सायकलीची थोरली बहीणच. त्यांच्याकडून मला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, सायकलीबरोबर ते त्याच भागातल्या माणसांना दुरुस्तीचं शिक्षण देतात. दोन, शाळेच्या मुलींना सायकल देताना करार करतात आणि गावातल्या लोकांची एक समिती त्यावर लक्ष ठेवते. झांबियाच्या खेड्यांत मुलींवर त्याचा अभ्यास झाला. शाळेत जायचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला आणि गैरहजेरी पाव हिश्शाहून अधिक घटली.

यावरून आपण काय करावं? मी पाच गोष्टी मांडते. त्यांवर आज चर्चा करा, बदल सुचवा, पण निर्णय आजच घ्या.

पहिली गोष्ट. पावती मुलीच्या नावाने फाडायची. आशाताईंची त्यांच्या नावाने. सांगाड्यावरचा नंबर पावतीवर आणि शाळेच्या वहीत लिहायचा.

दुसरी गोष्ट. सायकल देताना बाप, आई आणि मुलगी अशा तिघांनी शाळेत बसून साध्या मराठीत लिहिलेला करार वाचायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मुलीने वाचून दाखवायचा. सायकल विकायची नाही, गहाण टाकायची नाही, शाळेच्या वेळात दुसऱ्या कोणी न्यायची नाही. मुलगी दहावी झाली की सायकल कायमची तिची, लग्न होऊन गेली तरी तिच्याबरोबर जाईल.

तिसरी गोष्ट. शाळेच्या वेळेबाहेर घराने सायकल वापरावी, रेशन आणावं, पाणी आणावं. मुलीची सायकल म्हणून ती खुंटीला टांगून ठेवा असं मी म्हणत नाही. घराला उपयोग झाला तर घर तिची काळजी घेईल. पण मागायचं मुलीकडे. तिने हो म्हटलं तर न्यायची. बापाने मुलीला विचारून एखादी वस्तू नेणं, एवढी एक सवय जरी घरात आली तरी सायकलीचे पैसे वसूल झाले असं मी समजेन.

चौथी गोष्ट. घर भट्टीवर जात असेल तर सायकल मुलीबरोबर राहील. मुलगी आश्रमशाळेत किंवा आजीकडे राहिली तर सायकल इथेच. त्यावर लक्ष ठेवायला प्रत्येक शाळेत तिघींची समिती असावी : एक आई, एक शिक्षिका, एक वरच्या वर्गातली मुलगी. आणि घरावर खरोखर प्रसंग आला, दवाखान्याला पैसे लागले, तर सायकल गहाण टाकण्याआधी या समितीकडे यावं. मदत कोणी तरी करेल. निदान विचारलं तरी जाईल.

पाचवी गोष्ट देणगीदारांसाठी. प्रत्येक सायकलीच्या रकमेतला काही भाग वेगळा काढून ठेवू. त्यातून प्रत्येक शाळेत एक पेटी ठेवायची : पान्हे, पंप, पंक्चरचं सामान, तारा, कॉटर, ब्रेकचे रबर, वॉलट्यूब, तेल. आणि प्रत्येक शाळेतल्या दोन मुलींना दुरुस्ती शिकवायची. हो, मुलींनाच. आठवडी बाजारातले एक वयस्क दुरुस्तीवाले शिकवायला तयार आहेत. ते म्हणाले, "पोरींचा हात हलका असतो, चाकाचा आऊट त्या चांगला काढतील." मी त्यांना म्हटलं, शिकल्या तर तुमचंच गिऱ्हाईक कमी होईल. ते म्हणाले, "सायकली वाढल्या तर गिऱ्हाईक वाढेल." व्यवहाराची गोष्ट आहे, आणि खरी आहे.

शेवटी मालकांनी आणि दुरुस्तीवाल्यांनी सांगितलेल्या काही सूचना वाचून दाखवते. मुलींनो, या वहीत उतरवून घ्या.

टायरमध्ये हवा पुरेशी ठेवा. कमी हवेवर ओझं नेलं की ट्यूब चेपून फाटते आणि रीमही वाकते.

एक तार तुटली तर त्याच आठवड्यात बसवा. तिचा भार शेजारच्या तारांवर जातो आणि मग त्याही तुटतात.

पायडल मारताना टक-टक असा आवाज आला तर कॉटर सैल झाला असं समजा. तसंच दामटू नका, पायडलाचा दांडाच खराब होतो. कॉटर स्वस्त आहे, दांडा महाग.

पावसातून आल्यावर चिंधीने चेन पुसा आणि थेंब थेंब तेल सोडा. तेल जास्त झालं तर धूळ चिकटते.

सीटच्या नळीतून पाणी आत जातं आणि सांगाडा आतून गंजतो. पावसाळ्यात अधूनमधून सीट काढून सायकल उलटी करा, पाणी निघून जाईल.

ओझं कॅरियरवर घट्ट बांधा. जड वस्तू सीटच्या जवळ आणि खाली. एका बाजूला ओझं झालं तर हँडल ओढतं.

उताराला ओझं असेल तर उतरा. पावसात असेल तर नक्की उतरा. यात लाज नाही.

मंडळी, माझं बोलणं संपलं. कराराचा कागद टेबलावर ठेवला आहे. तो एकदा मोठ्याने वाचू, कोणाला शब्द खटकला तर बदलू. मुली रंग सांगतील, तो त्यांच्या नावापुढे लिहून घेऊ. आणि ज्या बापांना आपल्या मुलीच्या नावाने पावती फाडायला हरकत आहे, त्यांनी ती आज इथेच सांगावी. घरी जाऊन सांगू नये. आम्ही ऐकून घेऊ, उत्तरही देऊ.